समजाकाकांचा धबधबा

माझे वडील वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे आणि आई तिथेच कांदा निवडायला बसायची. तुर्भ्याला एका पत्र्याखाली आम्ही तिघं. पावसात पत्रा गळायला लागला की मी आधी पुस्तकं परातीखाली ढकलायची, मग स्वतःचं डोकं वाचवायची. तशातच मी बी.कॉम. झाले, आमच्या घराण्यातली पहिली. बेलापूरला नोकरी लागली आणि जुईनगरला एका खोलीचं का होईना, पक्क्या भिंतींचं घर झालं. हे मी मुद्दाम सांगते, कारण त्यात लपवण्यासारखं काही नाही.

त्या घरात सामान लावत होतो, तेव्हा उघड्या दारात एक काटकुळे गृहस्थ येऊन उभे राहिले. नमस्कार नाही, ओळख नाही. आमच्या स्टोव्हकडे बोट करून म्हणाले, "समजा, हा भडकला. तुम्ही कुठून पळाल?"

"दारातनंच की," वडील म्हणाले.

"दारात मी उभा आहे. समजा, मी हललोच नाही."

वडील मटकन खाली बसले.

हे टिपणीसकाका. आमच्या समोरच्या खोलीत राहायचे, एकटेच. ठाणे-बेलापूर पट्टीतल्या एका केमिकल कारखान्यात सेफ्टी खात्यात होते. अख्खी बिल्डिंग त्यांना समजाकाका म्हणायची. गणपतीच्या आरतीला सगळे टाळ्या वाजवत असताना हे वाळूची बादली घेऊन उभे. समजा, निरांजन कलंडलं. एका बारशाला पाळण्याचा हूक धड आहे की नाही हे त्यांनी स्वतः लोंबकळून पाहिलं. हूक टिकला, पण छताचा गिलावा खाली आला. अंगावरचा चुना झटकत काका म्हणाले, "बघा. बाळ असतं तर?"

श्रावणात एकदा आई गच्चीवर कपडे वाळत घालत होती. दूर खारघरच्या डोंगरावर पांढरी रेघ दिसत होती.

"शोभे, ती रेघ कसली गं?"

"धबधबा आहे आई."

"हलतीया गं ती." ओलं लुगडं हातात धरून ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "मला न्हेशील का तिथं?"

आईने आजवर माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मी त्याच दिवशी ठरवून टाकलं. बिल्डिंगमधली आणखी काही घरं यायला निघाली, दुसऱ्या मजल्यावरचे पवार तर एका पायावर तयार. "मेव्हण्याचा टेम्पो आहे, टेन्शन नाय. फक्त त्या समजाकाकाला कळू देऊ नका. वाट लावेल तो."

पण आई अडून बसली. "त्यो भिणारा मानूस यील तरच मी यीन. न भिणाऱ्याच्या मागनं मी पान्यात पाय घालायची न्हाय."

मग मी समोरचं दार वाजवलं आणि विचारलं. काकांनी मागे वळून आपल्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं.

"मला? तुमच्याबरोबर?"

"हो. आई म्हणते, तुम्ही असाल तरच."

"मला महिनाभर द्या," असं म्हणून त्यांनी दार लावलं.

तो महिना बिल्डिंग विसरणार नाही. काकांनी आमच्या खोलीत मीटिंग घेतली आणि हळू आवाजात सांगायला लागले. ते आवाज चढवत नसत, त्यामुळे जास्तच भीती वाटायची. "पाऊस वर डोंगरात पडतो. आपल्या डोक्यावर ऊन असतं. आधी पाण्याचा रंग बदलतो, लालसर होतो. मग आवाज येतो. आवाज आल्यावर करण्यासारखं काही राहत नाही." त्याच संध्याकाळी तळमजल्यावरच्या कुटुंबाला अचानक लग्न निघालं. दुसऱ्या दिवशी आणखी एकाचं पोट बिघडलं. माझी पदवी काही कामाला आली नाही. न्हाणीत बादली भरतानासुद्धा मी पाण्याचा रंग बघायला लागले.

पुढे मॉक ड्रिल. काकांनी टाकीचं पाणी गच्चीवरून जिन्यात सोडलं आणि आम्हाला दोर धरून उतरायला लावलं. स्वतः खाली शिट्टी घेऊन. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे मागे फिरा. पवार दोर न धरता ऐटीत उतरले आणि दुसऱ्या मजल्यावरून पहिल्या मजल्यावर बसल्या बसल्या पोचले.

"हसा," काका म्हणाले. "इथे खाली पहिला मजला होता. तिथे काय असेल?"

मग कोणी हसलं नाही. दिवसभर नळाला पाणीही नव्हतं. सोसायटीचे सेक्रेटरी बोलायचं ते बोलून गेले. काका दोर पिळत उभे होते.

रविवारी मात्र काकांच्या दाराला पहाटेपासून कुलूप असायचं. डबल ड्यूटी असेल, असं आम्ही धरून चाललो.

शेवटी निघायचा दिवस आला तेव्हा मी, आई, वडील, पवार नवरा-बायको आणि काका, एवढेच उरलो होतो. टेम्पो पायथ्याला थांबला. ढग इतके खाली उतरले होते की डोंगराला डोकंच नव्हतं. धबधबा दिसत नव्हता. त्याचा आवाज मात्र येत होता. समोर ओढा, पलीकडे पायवाट. पाणी गढूळ आहे की लाल, मला ठरवता येईना. पवारांची बायको म्हणाली, "मी टेम्पोतच बसते." पवारांनी कोणी न सांगता काकांच्या दोराचं टोक धरलं, आणि ते बघून मी जास्त घाबरले.

काकांनी दोनदा शिट्टी वाजवली.

"काका, आत्ता तर आलो," मी म्हटलं.

"समजा, वर पाऊस असला. नाही जायचं." त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

आईने वाद घातला नाही. पदर सारखा केला आणि टेम्पोकडे वळली. नाही म्हटलं की वळायचं, हे तिला फार पूर्वीपासून येत होतं. मला काकांचा फार राग आला.

तेवढ्यात काठावरच्या झोपडीतून कणसं भाजून विकणारी एक म्हातारी बाहेर आली. "काका, आज मानसां घेवन आयलास? बरा झाला." मग आमच्याकडे बघून म्हणाली, "यो दर रईवारी एकलाच येते. काठीन पानी बघते, पार वर जाते, न कापत कापत खाली येते. मी बोलली, भितंस तं येतंस कशाला? आज तं पानी कमीच हाय."

आई मागे फिरली. "तुमी एकटं गेलतासा? पल्याड?"

"वाट बघून ठेवायला नको का," काका शिट्टीच्या दोरीशी चाळा करत म्हणाले.

"तवा भ्या न्हाय वाटलं?"

"वाटलं की. पण माझं काही झालं तर कुणाला कळवायची पाळी नाही. आज तुम्ही सगळे आहात." ते ओढ्याकडे बघत राहिले. "कारखान्यातनं सहली निघतात, वहिनी. मला सोमवारी कळतं. आजवर कोणी चला म्हटलं नव्हतं. आज काही विपरीत झालं, तर परत कोण म्हणणार?"

पवार खाली बसून बुटाची नाडी बांधायला लागले. ती सुटलेली नव्हती.

"आमी म्हनू की," आई म्हणाली. "आज न्हाई गेलो तरी म्हनू. पर आता आलोय, तर तुमी म्होरं व्हा."

काकांनी वाकून पाण्याचा रंग पाहिला. पुन्हा पाहिला. मग दोर झाडाला बांधला आणि ओढ्यात उतरले. गुडघाभर पाणी होतं, पण ओढ जबर. माझ्या पायाखालचा एक दगड निसटला तेव्हा मी दोन्ही हातांनी दोर धरला. काका मधोमध उभे राहून एकेकाला हात देत होते. तो हात गार पडला होता, आणि त्याने कोणालाही सोडलं नाही. पवारांची बायकोसुद्धा शेवटी टेम्पोतून उतरून आली.

वर पोचलो. आई तुषार तोंडावर घेत दगडाला धरून उभी राहिली, भीत भीतच, पण मान वर करून. काका तिच्या शेजारी होते. त्यांनी धबधब्याकडे पाहिलंच नाही. त्यांची नजर खालच्या पाण्यावर.

संध्याकाळी सगळे धडपणे घरी परतलो. आईने धबधबा पाहिला, आणि तो तिला टिपणीसकाकांनी दाखवला.