गच्चीवरून दिसलेलं जेवणघर

मोजणीदारांनी हॉटेलच्या काउंटरवर पत्रक आपटलं तेव्हा त्यांच्या विजारीच्या दुमडीतून अजून वाळू गळत होती. मागे त्यांची बायको उभी होती. तिच्या एका पायातली चप्पल पट्टा तुटल्यामुळे हातात आली होती, आणि ती हातातली चप्पल मॅनेजरसाठी आहे की नवऱ्यासाठी, हे तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं.

"हे कोणी लिहिलं?" मोजणीदार गरजले.

मॅनेजरने पत्रक उचलून असं पाहिलं, जणू आजच जन्माला आलंय. "'आमच्या आसपास'. हे प्रत्येक खोलीत असतं साहेब. पाहुण्यांच्या सोयीसाठी."

"सोय? 'ताज्या माशांचं जेवणघर, चालत पाच मिनिटं.' सव्वीस लागली! घड्याळ लावून चाललोय मी. आणि तिथे आहे काय? पाण्याचे पंप दुरुस्त करायचं दुकान!"

"पाच म्हणजे साहेब, अंदाजे..."

अंदाजे हा शब्द मोजणीदारांसमोर उच्चारणं म्हणजे आगीत तेल. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. "वीतभर बांध सरकला तर सख्खा भाऊ भावाचं डोकं फोडतो! आणि तुम्ही दीड किलोमीटर अंदाजात गिळलात?"

खरं दुखणं वेगळंच होतं. दरवर्षी 'यंदा कामं फार आहेत, पुढच्या वर्षी बघू' असं म्हणत म्हणत लग्नाला पस्तीस वर्षं झाली, तेव्हा कुठे ही दोघं समुद्रावर आली होती. बायकोचं मागणं एवढंच होतं, की दुसऱ्या कोणीतरी रांधलेला मासा समुद्राकडे बघत खायचा आणि जेवताना एकदाही उठायचं नाही. हॉटेलच्या स्वयंपाकघरात ते जमण्यासारखं नव्हतं. तिथला मासा कोणता आणि बटाटा कोणता, हे यादी वाचल्याशिवाय कळायचं नाही. म्हणून मोजणीदार पत्रकावर विसंबून निघाले, आणि आता बायको तासाभरापासून एक अक्षर बोलली नव्हती.

"पत्रकातला शिंपल्यांचा बाजारही नाहीये," कोपऱ्यातल्या सोफ्यावरून आवाज आला. तळमजल्यावर उतरलेली दातांची डॉक्टर होती ती. "मी काल गेले होते. एक आजीबाई बसल्या होत्या. म्हणाल्या, मी पाय दुखतात म्हणून बसलेय."

"ऐकलंत?" मोजणीदारांना साक्षीदार मिळाला. "आता शेवटचं विचारतो. कोणी लिहिलं?"

मॅनेजरने टायची गाठ सैल केली. "मीच. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात. मालक म्हणाले, संध्याकाळपर्यंत पत्रक पाहिजे. मग गच्चीवर गेलो आणि जेवणघर, बाजार, दीपगृह, जे जे दिसलं ते लिहिलं. गच्चीवरून जवळ दिसतं साहेब."

"आणि नंतर कधी गेलात तिकडे?"

"सुट्टी कुठे मिळते?"

"आज मिळाली. चला!"

"साहेब, मी ड्युटीवर..."

"चला म्हणतो ना!"

भर दुपारी वरात निघाली. पुढे घड्याळाकडे बघत मोजणीदार, मागे कडक बूट घातलेला मॅनेजर, त्याच्या मागे केवळ मजा बघायला आलेली डॉक्टर. सर्वांत शेवटी बायको. तिने चपलेचा पट्टा सुतळीने बांधला होता. पाचव्या मिनिटाला हॉटेलची पाटीसुद्धा दिसेनाशी झाली नव्हती. चौदाव्या मिनिटाला मॅनेजरला बूट चावला. विसाव्याला तो म्हणाला, "साहेब, मी मान्य करतो." मोजणीदार म्हणाले, "मान्य नको. चाला."

दुकानात पंपवाला उघड्या पंपात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. चौघांना पाहताच त्याने पाना खाली ठेवला आणि मोजणीदारांकडे बोट दाखवलं. "परत आलात? अहो काका, सकाळपासून मासा शिजला नाही इथे!"

"हा," मोजणीदारांनी मॅनेजरला पुढे ढकललं, "हा तो लेखक."

पंपवाला सावकाश उभा राहिला. "तू होय? इथलं जेवणघर बंद पडल्यावर मी दुकान टाकलं, त्याला सहा वर्षं झाली. सहा वर्षं लोक येतात, खुर्चीवर बसतात आणि विचारतात, आज ताजं काय आहे? परवा एकाने दरवाजात उभं राहून भांडण केलं, की आमची ऑर्डर कुठाय! माझी बायको म्हणते, तुम्ही हॉटेलच काढा!"

"मी बदलतो पत्रक," मॅनेजर एका पायावर उभा राहून म्हणाला. "आजच्या आज."

"तू नाही," पंपवाला आणि मोजणीदार एकदम ओरडले.

पंपवाल्याने दुकानाला कुलूप ठोकलं आणि तोही सोबत आला. काउंटरवर मोजणीदारांनी स्वतः नवं पत्रक लिहिलं. राग ताजा होता, अक्षर टपोरं होतं. 'जेवणघर: बंद. अंतर सव्वीस मिनिटं, सगळा चढ, सावली नाही. पंप नादुरुस्त असेल तरच जावे. बाजार: नाही. एक आजीबाई बसतात, त्यांना त्रास देऊ नये. दीपगृह: कुलूप. किल्ली कोणाकडे आहे हे कोणालाच ठाऊक नाही.' मॅनेजरने प्रती काढल्या आणि संध्याकाळच्या आत प्रत्येक दाराखालून सरकवल्या. "खरं ते खरं," मोजणीदार खोलीत आल्यावर म्हणाले. बायको भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला खाली उतरले, तर हॉटेलच्या भोजनगृहाबाहेर दारापर्यंत रांग. पत्रक वाचून एकही पाहुणा बाहेर पडला नव्हता. मॅनेजर लंगडत पण उजळलेल्या चेहऱ्याने धावत आला. "साहेब, मालकांचा फोन होता! सहा वर्षांत पहिल्यांदा सगळी टेबलं भरली. तुमचा नंबर एकोणिसावा."

मोजणीदारांच्या कपाळाची शीर तडतडली. त्या बटाटामाशासाठी रांग! "अगं, ऐकलंस..." ते मागे वळले. बायको नव्हती.

त्यांनी गच्ची पाहिली, बाग पाहिली, शेवटी रागारागाने स्वयंपाकघराच्या मागच्या दाराने बाहेर पडले. कुंपणाला माणूस जाईल एवढी फट होती. पलीकडे एका कोळणीच्या अंगणात बाक टाकलेले होते, समोर समुद्र होता, आणि बायको डॉक्टरशेजारी बसून तव्यावरचा मासा खात होती.

"हे कोणी सांगितलं तुला?"

"तुमच्या हॉटेलच्या स्वयंपाक्याला विचारलं, बाबा रे, तू कुठे जेवतोस?" बायको म्हणाली. कालपासूनचं हे तिचं पहिलं वाक्य होतं. "बसा आता. काटे जपून काढा."

मोजणीदार बसले. तिसरा तुकडा संपल्यावर त्यांचा हात सवयीने खिशातल्या पेनाकडे गेला. "हे तर पत्रकात..."

"खबरदार!" दोघी एकदम म्हणाल्या.

तेवढ्यात कुंपणाच्या फटीतून एक घामाघूम गृहस्थ डोकावला. नंबर सव्विसावा असावा. "काका, इकडे काही खायला मिळतं का हो?"

मोजणीदारांनी ताट मांडीमागे सरकवलं, तोंडातला घास गिळला आणि आयुष्यात पहिल्यांदाच मोजमाप न करता ठणकावलं, "काही नाही इथे! खाजगी घर आहे हे. आमच्या बहिणीचं!"

कोळणीने त्यांच्या ताटात आणखी एक तुकडा टाकला.