लॅपटॉपची पालकसभा

प्रधानबाईंनी माझ्या लॅपटॉपला शिक्षा म्हणून भिंतीकडे तोंड करून बसवलं होतं. मी न्यायला गेलो, तर म्हणाल्या, "थांबा, त्याची शिक्षा संपायचीय अजून."

बाई निवृत्त शिक्षिका. ठाकुर्लीत आमच्या वरच्या मजल्यावर एकट्याच राहतात आणि संध्याकाळी इमारतीतल्या मुलांना हौसेने मराठी शिकवतात. त्यांनी 'माझे आजोबा' हा निबंध दिला आणि सगळ्या मुलांचे आजोबा शिस्तप्रिय, प्रेमळ आणि पहाटे योगासनं करणारे निघाले. त्यात माझ्या इराचेही आजोबा, म्हणजे माझे वडील. ते नऊच्या आत उठत नाहीत, आणि योगासनं सोडाच, पायमोजे चढवायलाही त्यांना माणूस लागतो.

बाईंनी दरडावल्यावर इराने कबूल केलं, "बाई, आमच्या लॅपटॉपने लिहून दिलं. मग सगळ्यांनी तेच उतरवलं."

"घेऊन ये त्याला वर!"

पाठोपाठ मलाही बोलावणं आलं.

"याचे पालक तुम्हीच ना? मुलगा हुशार आहे हो. विचारायचा अवकाश, उत्तर तयार. पण सगळ्या वर्गाचा अभ्यास हा एकटाच करतो, बाकीच्यांना काही करूच देत नाही. घरी जरा लक्ष देत जा."

"हो बाई," मी मान खाली घालून म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून लॅपटॉप रोज शिकवणीला जाऊ लागला. हजेरीत त्याचं नाव 'लॅपटॉप सावंत'. ते पुकारलं की मुलं खिदळत ओरडायची, "हजर, बाई!" त्याच्या निबंधाला बाईंनी दहापैकी चार गुण दिले आणि शेरा मारला, 'भाषा स्वच्छ. आजोबा कुठे आहेत?'

पुढे परीक्षा जवळ आली आणि मुलं गळायला लागली. घरातला कॉम्प्युटर मागाल ते लिहून देतो, रागावत नाही, शिक्षा करत नाही. आया म्हणू लागल्या, "बाईंना उगाच कशाला त्रास?" इरासुद्धा म्हणाली, "बाबा, मी नाय जात आता. सगळं बरोबर येतं माझं." लॅपटॉप मात्र बाई न चुकता मागून नेत राहिल्या.

परवा तो आणायला गेलो, तर बाई त्याच्यावर भयंकर वैतागलेल्या. हातातल्या लाल पेनाचं टोपण काढलेलं.

"याला सांगितलं, पाचवीतल्या पोरासारखा निबंध लिही, चुका करून. बघा काय केलंय! परिच्छेदाला एकेक चूक, मोजूनमापून. याला धड चुकताही येत नाही! आमच्या एका पोराने लिहिलं होतं, 'आजोबा मेल्यापासून माझ्याशी बोलत नाहीत.' काय गुण द्यायचे सांगा त्याला? तास सोडून बाहेर जाऊन उभी राहिले होते मी."

मला हसू आलं आणि मी लॅपटॉप उचलायला वाकलो. खोलीत मुलांसाठीची सतरंजी अंथरलेली होती. तिच्यावर कुणी नव्हतं.

लॅपटॉप काखेत मारून निघालो, तर बाई दारापर्यंत आल्या. जरा घुटमळल्या.

"सावंत, इराचं काही चुकत नाही का हो हल्ली? थोडंसं जरी चुकलं, तरी पाठवा तिला."