सांध्याला विचारा

आमच्या ऑफिसात चहाच्या फळीवर ‘साखर’ असं लिहिलेला डबा आहे. भाऊसाहेब रोज तो उघडतात, चिमूटभर तळहातावर घेतात, चाखतात आणि मगच कपात चमचा घालतात. रोज साखरच निघते. “आज निघाली,” ते म्हणतात, “उद्याचं कुनी सांगितलंय?”

भाऊसाहेब हे त्यांचं पाळण्यातलं नाव. आखातातलं आमचं गिऱ्हाईक त्यांना फोनवर ‘मिस्टर साहेब’ म्हणतं, तेव्हा आमचे खरे साहेब खिडकीबाहेर बघत बसतात. गाव कोल्हार, नोकरी नगरला सावेडीत, टेबल माझ्या शेजारी. लग्न राहून गेलेलं.

काम म्हणाल तर परदेशातल्या इमारतींचे नकाशे आम्ही इथे कॉम्प्युटरवर काढतो. एसीची गार हवा पत्र्याच्या ज्या पोकळ मार्गांनी खोल्याखोल्यांत जाते ते डक्ट. कुठे गोल, कुठे चौकोनी, कुठे लांबट गोल. एका इमारतीत हे डक्ट ढिगाने असतात, आणि कोणत्या आकाराचे किती ते पत्रा कापणाऱ्या कारखान्याला कळवावं लागतं. ते शोधणारा प्रोग्राम भाऊसाहेबांनी लिहिला. डक्टच्या नावात ‘गोल’ दिसलं की प्रोग्राम तो गोल धरायचा. पण आमच्यातली आळशी मंडळी चौकोनी डक्ट काढतात आणि त्याला जुनंच ‘गोल’ नाव चिकटवून चहाला जातात. पत्रा कापायला जाण्याच्या जरा आधी भाऊसाहेबांना हा घोळ दिसला. तेव्हापासून त्यांचा नावावरचा विश्वास उडाला तो उडालाच.

नवा प्रोग्राम नाव वाचतच नाही. तो प्रत्येक डक्टच्या टोकाशी जातो, जिथे तो पुढच्याला जोडलेला असतो तिथे, आणि त्या सांध्याचा आकार विचारून येतो. तो कधी चुकलेला नाही. चुकला असता तर बरं, कारण मग “नावाला इचारू नका, सांध्याला इचारा” हे आम्हाला उठता-बसता ऐकावं लागलं नसतं. एकदा एक मध्यस्थ त्यांच्यासाठी स्थळ घेऊन आला. ‘मनमिळाऊ, गृहकृत्यदक्ष.’ भाऊसाहेब म्हणाले, “ही नावं झाली. घरात कुनाशी कशी जोडलेली हाय, ते सांगा.” मध्यस्थ पाणी पिऊन गेला तो परत आलेला नाही.

दुपारी डब्यातल्या बाजरीच्या भाकरीचा वरचा पापुद्रा ते आधी सोलतात आणि तेल-मीठ लावून एकटेच खातात. कुणाला तुकडा देत नाहीत. आम्ही यावरूनही चिडवतो. मग ते गावी फोन लावतात. “आई, मी भाऊसाहेब.”

आईला विसर पडत चाललाय. कधी पलीकडून भरभरून बोलणं येतं, कधी “कोन भाऊसाहेब?” असं येतं. त्या दिवशी मग साखर चाखायलाही ते उठत नाहीत. “ताई, पार इसरली तर मी कुनाचा?” असं त्यांनी मला एकदा सरळ विचारलं होतं.

गेल्या महिन्यात लोणी गावच्या लग्नाहून येताना मी भाऊसाहेबांबरोबर कोल्हारला त्यांच्या घरी उतरले. आई ओसरीवर बसली होती. भाऊसाहेब पाया पडले, तशी ती हरखून म्हणाली, “सोपाना, कवा आलास?” सोपान म्हणजे तिचा भाऊ, कधीच वारलेला. मला वाटलं, आता हे कोसळणार. ते म्हणाले, “आत्ताच आलो,” आणि तिच्याजवळ बसले.

भाऊसाहेबांच्या वहिनींनी ताटं आणली. आईने वरच्या भाकरीचा पापुद्रा सोलला, त्यावर तेल सोडलं, मीठ भुरभुरलं. पाहुणी म्हणून मलाच देते आहे असं वाटून मी ताट पुढे केलं. तिने माझा हात चक्क बाजूला सारला.

“ह्यो न्हाई बाई. तू दुसरा घे. ह्यो माझ्या पोराचा हाय, लहानपनापासून.”

आणि तो तिने भाऊसाहेबांच्या ताटात ठेवला.

भाऊसाहेबांनी एकदा पापुद्र्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. डोळे भरलेले, पण चेहरा अगदी ऑफिसातला.

“बगितलं ना ताई?” ते म्हणाले. “नाव तेवढं चुकलंय.”