वैजूचं नववं गाणं

वैजूच्या गळ्यात काटेरी पट्टा असतो. माझ्याही गळ्यात असतो. तिचा पुण्याहून आणलेला, काळ्या चामड्याचा, त्यावर चकचकीत टोकदार खिळे. माझा जुन्नरच्या आसिफ वेल्डरनं पत्र्याच्या पट्टीला खिळे जोडून दिलेला, आतून जुन्या सतरंजीचं अस्तर. ती घालते कारण ती पंक आहे. मी घालते कारण मी उसाच्या काठाला राहते आणि मला आणखी काही वर्षं मान हवी आहे.

नारायणगावच्या आसपासच्या मळ्यांत राहणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही, पण तुम्ही लांबचे असाल म्हणून सांगते. उसात बिबट्या असतो. वाकून खुरपणाऱ्या माणसाची तो मान धरतो. म्हणून बायका शेतात जाताना गळ्यात पट्टा बांधतात. सुरुवातीला लाज वाटायची. आता मंगळसूत्र आत आणि पट्टा बाहेर, ही आमच्याकडची रीतच झाली आहे.

वैजू पुण्याचं कॉलेज संपवून आली ती एका बाजूचे केस हिरवे करून, गिटार पाठीला लावून आणि तो पट्टा गळ्यात घालून. बांधावर आम्ही सहा बायका भाकरी खात बसलो होतो. हिराबाईनं तिला जवळ बोलावलं, पट्ट्यावरचे खिळे बोटानं चाचपले आणि म्हणाली, "बया, हे खिळं हायेत का साबुदाणं? ह्यानं बिबट्याला गुदगुल्या व्हतील."

वैजूचं तोंड बघण्यासारखं झालं. पुण्यात चार वर्षं लोक हिला बघून रस्ता बदलत असत म्हणे. आणि इथं तिच्यापेक्षा भयंकर पट्टे घातलेल्या सहा बायका ठेच्याबरोबर खायला कांदा फोडत होत्या.

दुसरी कुणी असती तर हिरमुसली असती. वैजूनं आम्हाला ओळीत उभं केलं आणि फोटो काढला. तोच पुढं तिच्या अल्बमचं मुखपृष्ठ झाला. मधे मी आहे. हातात विळा आहे आणि चेहऱ्यावर, खोटं कशाला बोलू, चांगलाच माज आहे.

तिचं पूर्ण नाव वैजयंता. दत्तूनं आपल्या आईचं नाव ठेवलं. दत्तू म्हणजे तिचा बाप, उसापलीकडचा माझा शेजारी आणि चौथीतला माझा विद्यार्थी. पन्नाशी आली तरी मी दिसले की अजून उभा राहतो, खाटेवर असला तरी. वैजू मला बाईआजी म्हणते. बापाच्या बाई, म्हणून.

तिची पहिली खोड म्हणजे मोजणं. कुठलंही काम करायच्या आधी ती मोजते. एक, दोन, एक-दोन-तीन-चार. मग चहा पिते. मग टोमॅटोचं क्रेट उचलते. मग आईशी भांडते. मोजून झालं की ती थांबत नाही, आणि सुरू झालं की अडीच मिनिटांत संपलंच पाहिजे. तिचं एकही गाणं तीन मिनिटांच्या पुढं जात नाही. मी विचारलं, का गं, एवढी घाई कसली? तर म्हणाली, "बाईआजी, तीन मिनिटांच्या पुढं गेलं की त्याला कीर्तन म्हणतात."

दत्तू म्हणतो, "आमची पोरगी जेवत न्हाई, बाई. संपवती."

मला पहिल्यापासून चौकशीची खोड. पंक म्हणजे काय, हे मी तिला चार-पाच वेळा तरी विचारलं असेल. प्रत्येक वेळी तिचं उत्तर एकच, "जोरात म्हटलं की खरं वाटतं." मला हे पटायला वेळ लागला. कारण मी ज्या बाईची वारस आहे, म्हणजे तरुणपणच्या माझीच, ती चोविसाव्या वर्षी वर्गाच्या दारावर 'हळू बोला' अशी पाटी लावून बसलेली होती. खडूनं नाही, रंगानं. मुलांना कविता म्हणायला लावताना मी तोंडावर बोट ठेवायची. आता तोंडावर बोट ठेवून कविता कशी म्हणणार, हा प्रश्न चाळीस मुलांना पडत असे, बाईंना कधी पडला नाही. स्नेहसंमेलनात मी स्वतः एक भावगीत म्हटलं होतं. वरच्या पट्टीत आवाज फाटला, तेव्हा मी अशी काही हसले की जणू ते तसंच असतं. पुढच्या वर्षी हेडमास्तरांनी मला रांगोळीचं खातं दिलं.

तर अल्बम. आठ महिने ती त्यात होती. सकाळी टोमॅटोची तोडणी, दुपारी गाणं. दत्तूच्या पॅकिंगच्या शेडमधला एक कोपरा तिनं मागून घेतला, पोल्ट्रीतून अंड्यांचे रिकामे ट्रे आणून भिंतीला ठोकले, वर आईच्या गोधड्या टांगल्या. ड्रम वाजवायला आसिफ यायचा, तोच आमच्या पट्ट्यांचा वेल्डर. दिवसभर लोखंड ठोकून संध्याकाळी ड्रम ठोकायचा, आणि म्हणायचा की हात तेवढाच मोकळा होतो. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं ट्रॅक्टरचा पट्टा तुटला. मी धावत गेले. वैजू घामानं निथळत माईकपुढं उभी होती आणि विजेची डीपी जळाल्यावर वायरमन फोन उचलत नाही, यावर गात होती. दुसरं गाणं तिला बघायला आलेल्या पाहुण्यांवर होतं. त्यात पोहे किती वेळा गरम केले ते मोजलं आहे. मी दारातल्या क्रेटवर बसले आणि उठलेच नाही. काय म्हणते ते निम्मं कळत नव्हतं, पण पाय हलत होता. माझाच पाय, माझ्या परवानगीशिवाय.

अल्बमचं नाव तिनं 'कडी' ठेवलं. एकूण नऊ गाणी. फोनवर, इंटरनेटवर कुठं कुठं टाकली ते मला विचारू नका. पण दत्तूला तिनं स्वतः पेनड्राइव्हवर भरून दिली. दोन्ही हातांनी दिली, प्रसाद द्यावा तशी. म्हणाली, "पप्पा, शेवटपर्यंत ऐका. नववं ऐकाच." एवढंच तिचं मागणं होतं.

दत्तूनं पेनड्राइव्ह गोठ्यातल्या स्पीकरला लावला.

त्यालाही दोष देता येत नाही. आमच्याकडं दिवस मावळला की गोठ्यात काहीतरी मोठ्यानं लावावं लागतं. माणसाचा आवाज असला की बिबट्या लांब राहतो, असं आम्ही धरून चाललो आहोत. बिबट्याचं मत कुणी विचारलेलं नाही. आजवर बातम्या लावायचे, भजनं लावायचे. पण वैजूचा आवाज म्हणजे वेगळंच काम. चार दिवस दत्तूच्या गोठ्याकडं ठसासुद्धा उमटला नाही. पाचव्या दिवशी हिराबाईचा मुलगा कॉपी करून घेऊन गेला. मग पलीकडचा मळा. मग पेठेकडचे कुणी पाहुणे. महिन्याभरात अशी परिस्थिती की संध्याकाळी ओट्यावर बसलं की चारही दिशांनी वैजू ओरडते, आणि प्रत्येक दिशेला गाणं निराळं.

लोक तिला रस्त्यात थांबवून शाबासकी देत. "वैजू, लई भारी आवाज लागलाय. दोन वासरं वाचली राव." कुणी म्हणे, "पावण्यांच्या गाण्याला जनावर जास्त बिचकतं. तसलं अजून एक कर." ओझरच्या एका बागाईतदारानं तर विचारलं, रानडुकरासाठी वेगळं काही मिळेल का?

वैजू हसून घ्यायची. मी म्हटलं, "बरं आहे की गं. एवढे लोक ऐकतायत."

"लोक कुठं ऐकतायत, बाईआजी. बिबट्या ऐकतोय."

मग एक दिवस ती बोलायची बंद झाली. दोन दिवस मोजणं नाही, आईशी भांडण नाही. मळ्यात अशी शांतता की हिराबाई मला येऊन म्हणाली, "बाई, पोरगी आजारी हाय का? मला करमंना."

मी सरळ दत्तूकडं गेले. तो खाटेवरून उठला.

"दत्तू, पोरीला काय झालंय?"

"काय न्हाई बाई. त्या गान्यावरनं रुसलीय. नववं मी काढून टाकलं ते परवा कळलं ना तिला."

"काढलं म्हणजे?"

"पुसलं पेनड्राइव्हमधनं. सगळ्यांना आठच दिली. आवो, त्याच्यात दमच न्हाई. सुरवातीपासनंच पोरगी गप-गप हाय. आन् गोठ्याला शांतता परवडत न्हाई."

"तू ऐकलंस का ते?"

"सुरवात ऐकली," दत्तू म्हणाला, आणि पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरायला लागला. चौथीतही असाच करायचा, गृहपाठ नसला की.

संध्याकाळी दिवस मावळायच्या आधी मी वैजूला घरी बोलावलं. म्हटलं, मला नववं ऐकव. ती म्हणाली, राहू द्या. मी म्हटलं, मी तुझ्या बापाची बाई आहे, मला नाही म्हणायची पद्धत तुमच्या घरात नाही. तिनं फोन काढला आणि माझ्या स्वयंपाकघरात, ओट्याला पाठ लावून, आम्ही दोघी जमिनीवर बसलो.

ड्रम नव्हता. नुसती गिटार, तीही दबकत. आणि वैजूचा एक आवाज, जो मी आठ महिन्यांत कधी ऐकला नव्हता.

बाहेर कडी, आत मी एकटी,
गाणं म्हणते भिंतीला,
उसापल्याड वाजते थाळी,
कोणीतरी आहे सोबतीला.

थाळी हा शब्द ऐकला आणि माझी मान पट्ट्याशिवायच ताठ झाली.

त्या काळी, वैजू सहा-सात वर्षांची असताना, मी नुकतीच निवृत्त झाले होते. आणि निवृत्त बाईइतकं धोकादायक जनावर उसातसुद्धा नसतं. सगळ्या मळ्याला मी शिस्त लावायला निघाले होते. रोज दिवेलागणीला ओट्यावर उभी राहून दहा मिनिटं स्टीलची थाळी पळीनं बडवायची, बिबट्या पळवायला. घड्याळ लावून. कानांत वाऱ्यासाठी कापूस. स्वतःला मी मळ्याची राखणदार समजत होते. पलीकडच्या घरात एक पोर कोंडलेली असते, हे मला ठाऊक होतं. दत्तू टोमॅटोच्या गाडीबरोबर मार्केटला असायचा, आई शेडमध्ये निवडायला, आणि बिबट्याच्या भीतीनं पोरीला आत ठेवून बाहेरून कडी घातलेली असायची. सगळ्याच घरांत तसंच होतं. ती पोर गाते, हे मात्र मला माहीत नव्हतं. एकदाही ऐकलं नव्हतं. मी बडवत होते ना.

गाणं संपलं. मला खोटं बोलता आलं असतं. शाळेत खोटं बोलणाऱ्याला मी अंगठे धरायला लावायची.

"वैजू, ती थाळी मी बिबट्यासाठी वाजवायचे गं."

"माहितीये."

"कधीपासून?"

"तिसरीपासून. एकदा मी मुद्दाम गप्प बसून बघितलं. तरी वाजली."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या दिवशी परत गायले. वाजत तर होती ना."

मी पदराचं टोक उगीच झटकलं. "हे सगळं बापाला सांगितलंस कधी?"

"काय सांगू? तुम्ही कडी घालून जायचात असं? त्यांना वाटेल मी तक्रार करतेय. गाण्यात तक्रार नाय, बाईआजी, तुम्ही ऐकलंत ना. नुसतं बोलले असते तर तक्रार झाली असती. म्हणून तर गाणं केलं."

मी तिला म्हटलं, तू घरी जा, आणि हे गाणं तेवढं माझ्या फोनवर ठेव.

दुसऱ्या दिवशी सूर्य डोंगराला टेकला, चारही दिशांनी वायरमन आणि पोहे सुरू झाले. मी हिराबाईच्या मुलाकडून मागून आणलेला स्पीकर ओट्यावर ठेवला, दत्तूच्या गोठ्याकडं तोंड करून. आणि नववं लावलं. संपलं की पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळेला दत्तू आला. हातात काठी, गळ्यात पट्टा, डोक्याला बॅटरी बांधलेली. मळ्याच्या वाटेवरूनच बोलत आला, "बाई, कायतरी मोठं लावा की. ह्यानं जनावर आत यील."

"येऊ दे. निदान ते तरी ऐकेल. बस खाली."

"धारा काढायच्यात, बाई."

"दत्तू."

तो बसला. पायरीवर, काठी मांडीवर आडवी धरून. मी गाणं पहिल्यापासून लावलं. दोन मिनिटं चाळीस सेकंदांचं आहे ते, कीर्तन नाही. पहिल्या ओळीला त्यानं माझ्याकडं बघितलं. दुसऱ्या ओळीला त्यानं डोक्यावरची बॅटरी बंद केली. नंतर त्यानं कुठंच बघितलं नाही.

गाणं संपलं तेव्हा ऊस सळसळत होता. दत्तूच्या गोठ्यातला स्पीकर एवढ्यात कुणीतरी बंद केला होता, आणि त्यांच्या दारात हिरव्या केसांची कुणी उभी असल्यासारखी दिसत होती. माझी नजर आता काही तेवढी खात्रीची नाही.

"हे आमच्या वैजूचंच हाय?" दत्तूनं विचारलं.

"मग कुणाचं?"

"तिला इतकं हळू बी म्हनता येतं व्हय."

त्यानं काठी बाजूला ठेवली, भिंतीला टेकवली, ती घसरली, पुन्हा टेकवली.

"बाई," तो म्हणाला, "अजून एकदा लावा. आवाज वाढवू नगा."