दगडूबप्पांची बुळबुळ

दगडूबप्पांच्या घरात भेंडीची भाजी होत नाही. भेंडी मात्र पोत्यानं येते. जी जून, दोरा झालेली भेंडी जनावरंही हुंगत नाहीत, ती बप्पा तेर गावच्या बाजारातून आवर्जून आणतात, बादलीत भिजवतात आणि तो चिकटा गाळून विहिरीवरच्या खताच्या टाकीतून आमच्या सामाईक पाइपलाइनीत सोडतात.

का, तर "पाणी पाइपाला घासतंय. घासायचं न्हाय, घसरायचं." आगीच्या बंबात असलंच काहीतरी टाकलं की पाणी लांब जातं, हे त्यांनी मोबाइलवर पाहिलं आणि आमच्या डोक्याला ताप झाला. गुऱ्हाळात रस निवळायला भेंडी चालते, मग पाण्यानं काय घोडं मारलंय, असा वर सवाल.

ताप खरा मलाच. विहीर एक, पाइप एक. पहिला कॉक माझा, दुसरा बप्पांचा आणि पार चढावर, शेवटचा, त्यांच्या धाकट्या भावाचा, रामभाऊचा. बांधाच्या भांडणापासून दोघा भावांचं बोलणं बंद. माझं ठिबक असल्यामुळं चिकटा आधी माझ्या फिल्टरमध्ये मुक्कामाला येतो. जाळी धुऊन धुऊन माझ्या हातांना भेंडीचा वास लागलाय. बायको वाढताना नाक मुरडते. मी हात जोडले, भांडलो, सोयरे मध्ये घातले. बप्पा खांद्यावर बुळबुळीत हात ठेवून म्हणाले, घासू नका वो, घसरा.

यंदा चढावर पाणी पोचेना. रामभाऊची डाळिंबाची बाग ऐन फुलात सुकायला लागली. बप्पांनी दोन पोती आणली. माझा फिल्टर पुन्हा तुंबला आणि माझं डोकंच फिरलं.

"बप्पा, वर पाणी जावं असं एवढं वाटतंय, तर तुमचा कॉक बंद ठेवा की. भेंडी कशाला?"

बप्पा चिकटा ढवळत राहिले.

"कॉक बंद केला तर त्याला कळंल, म्या पाणी दिलं म्हनून. लई ताठ हाय, वापस लावील. आपसूक आलं तर घेतंय."

माझा राग कुठं गेला, कळलं नाही. संध्याकाळी चढावर गेलो. बागेत पाणी पडत होतं. रामभाऊनं ओंजळ भरली, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि हसला.

"दादाला सांगू नका, मला कळतंय म्हनून," तो म्हणाला. "सोडायचं बंद करंल."

खाली येऊन मी मुकाट्यानं फिल्टर उघडला. बप्पा शेजारी येऊन उभे राहिले. मग हळूच विचारलं, "पोचलं का वर?"

"पोचलं," मी म्हटलं. "घसरत घसरत गेलं."