मालनबाईंना मिळालेला खलनायक पुरस्कार

रविवारी दुपारी हिम्मतराव भाकरीचा पहिला तुकडा मोडत होते, तेवढ्यात विद्यानगरच्या महिला मंडळाच्या सुलभाताईंचा फोन आला.

"हिम्मतराव, जेवताय का? जेवू नका. आधी मालनबाईंकडे या."

हिम्मतरावांचं हैदराबादेत अंबरपेठेला ट्रॉफ्यांचं दुकान. तीस वर्षं शाळांचे चषक आणि कबड्डीच्या ढाली विकल्यावर यंदा पहिल्यांदाच त्यांना मोठं काम मिळालं होतं. तेलुगू सिनेमांच्या वार्षिक पुरस्कारांचं! बावीस सोनेरी बाहुल्या, प्रत्येकीच्या पायाशी पुरस्काराचं नाव कोरलेली पट्टी. समारंभ आजच चार वाजता होता. त्याच साच्यातल्या तीन बाहुल्या त्यांनी हौसेनं मंडळाच्या पाककला स्पर्धेलाही दिल्या होत्या. सगळी खोकी त्यांनी स्वतः भरली होती, तीही चष्मा दुरुस्तीला दिलेला असताना. शिवाय तेलुगू बोलण्यात ते कुणाला हार जात नसले, तरी वाचायची वेळ आली की मुलीला हाक मारावी लागे.

मालनबाईंच्या घरात पाय टाकताच त्यांना कळलं, की प्रकरण हातघाईवर आलं आहे. सत्तरीच्या मालनबाईंना सकाळीच पुरणपोळीचा पहिला नंबर मिळाला होता. ट्रॉफी घरी आली. सून निशिगंधा हैदराबादेतच शिकलेली, तिनं पट्टीवरची तेलुगू अक्षरं मोठ्यानं वाचली: "उत्तम प्रतिनायकुडु." म्हणजे उत्कृष्ट खलनायक. इथवर ठीक होतं. पण वाचून झाल्यावर ती हसली.

"अकरा वर्षं झाली हिला घरात येऊन," मालनबाई म्हणाल्या. "आज पोटातलं ओठावर आलं!"

"आई, मी नुसतं वाचलं हो! लिहिलंय तेच वाचलं!"

"आणि हसलं कोण?"

सुलभाताई पंख्याकडे बघत बसल्या.

हिम्मतरावांच्या डोक्यात प्रकाश पडला. खलनायक इथं असेल, तर पुरणपोळी कुठं असेल? घड्याळात सव्वातीन झाले होते.

"मालनबाई, चूक माझी आहे, सूनबाईंची नाही. द्या ती इकडे, बदलून आणतो."

"मीपण येते. असलं बक्षीस हौसेनं घेणारा माणूस जगात खरंच असतो का, ते मला बघायचंय. नाहीतर तुम्हीपण हिलाच सामील."

रिक्षात मालनबाई ट्रॉफी मांडीवर घेऊन ताठ बसल्या. सभागृहाच्या फाटकावर रखवालदारानं हिम्मतरावांच्या छातीवर हात ठेवला. "पास किधर है?" मग त्याचं लक्ष मागं गेलं. डोक्यावर पदर घेतलेली म्हातारी आणि तिच्या हातात सोनेरी बाहुली. त्यानं खाडकन सलाम ठोकला. "आइए अम्मा, आइए! ये तुम्हारे साथ हैं क्या?"

"हौ," मालनबाई म्हणाल्या. "सामान उचलायला आणलाय."

आत समारंभ सुरू झाला होता आणि मोठ्या पडद्यावर रुद्रमूर्ती दिसत होता. सिनेमात ज्याला पाहून पोरं आईच्या पदराआड लपतात, तो सहा फुटी रुद्रमूर्ती पुरस्कार उंचावून दाखवत होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. हिम्मतरावांनी डोळे मिटले. आता हा पट्टी वाचणार, आयोजक आपल्याला शोधणार, आणि तीस वर्षांचं नाव एका पुरणपोळीत बुडणार!

पण रुद्रमूर्तीचा पंजाच एवढा मोठा, की पट्टी त्याखाली झाकून गेली होती. ती त्यानं वाचली रंगमंचामागं, खुर्चीत बसल्यावर. हिम्मतराव हात जोडत समोर गेले, तेव्हा तो एकेक अक्षर लावत होता.

"सर्वोत्कृष्ट... पुरण... ये क्या है, भाई?"

"साब, गलती हो गई. पुरणपोळी, मतलब अपना बोब्बट्टु. लेडीज लोगां की कॉम्पिटिशन का है."

"माझं आहे ते," मालनबाई पुढं झाल्या. "पहाटे पाचला उठून पुरण शिजवलंय मी."

रुद्रमूर्ती उठला. हिम्मतराव दोन पावलं मागं सरकले. पण त्यानं वाकून मालनबाईंच्या पायांना हात लावला.

"अम्मा, छब्बीस साल से मारामारी करता मैं. खलनायक के चार इनाम हैं घर में. मेरी अम्मा एक भी बाहर रखने नहीं देती. लोगां क्या बोलेंगे, बोलती." त्यानं बाहुली छातीशी धरली. "ये मेरेकू देते क्या? बोब्बट्टु का है बोलूंगा, तो हॉल में रखेगी."

भांडायला कंबर कसून आलेल्या मालनबाईंनी हातातली बाहुली खाली ठेवली. त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला आवडते का पुरणपोळी?"

"बहुत. पन अब दांतां नहीं. दूध में भिगोके खाती."

"दुधात कशाला? कणीक सैल मळायची आणि दोन तास तेलात मुरू द्यायची. जिभेवर विरघळते."

"दो घंटे?" रुद्रमूर्तीनं फोनमध्ये लिहून घेतलं. "तेल कितना, अम्मा?"

आयोजकांपैकी एकजण घाईघाईनं जवळून गेला. हिम्मतरावांच्या पाठीवर थाप मारून "ट्रॉफ्या फस्ट क्लास!" म्हणाला आणि दिसेनासा झाला. हिम्मतराव रुद्रमूर्तीच्या रिकाम्या खुर्चीत मटकन बसले.

संध्याकाळी हिम्मतराव मालनबाईंना घरी सोडायला आले, तेव्हा दार निशिगंधानं उघडलं. रडून तिचे डोळे सुजले होते. "आई, मिळालं का तुमचं?"

"दिलं एकाला. त्याच्या आईसाठी हवं होतं." मालनबाईंनी खलनायकाची बाहुली टीव्हीशेजारी ठेवली आणि पदरानं पुसली. "ही राहू दे इथं."

"अहो, पण येणारेजाणारे वाचतील!"

"वाचू देत. जेवायला काय केलंयस?"

"खिचडी." निशिगंधा चाचरली. "जरा खाली लागलीय."

"असू दे. वाढ."

मालनबाईंनी करपलेली खिचडी मुकाट्यानं खाल्ली आणि वर आणखी मागून घेतली. अकरा वर्षांत असं घडलं नव्हतं. हिम्मतराव चपला घालत होते. निशिगंधा पळी हातात धरूनच त्यांच्यामागं दारापर्यंत आली आणि दबक्या आवाजात म्हणाली,

"काका, खरं सांगा. तिथं आईंना चक्करबिक्कर आली होती का? डॉक्टरांना बोलवू?"