निळी बासुंदी

पिस्ते कापताना शिरीषने बोट कापून घेतलं आणि ओट्यावर जागा नव्हती म्हणून बेटाडीनची बाटली बासुंदीच्या पातेल्यावरच उघडली. चार थेंब बोटावर पडले, बाकीचे बासुंदीत.

"अरे, शिरीष!" विनया ओरडली आणि तशीच थबकली. थेंब पडले होते तिथे फ्रीजमधून काढलेली गार बासुंदी काळीनिळी होत चालली होती.

संध्याकाळी फ्लॅट बुश या त्यांच्या परदेशातल्या उपनगरातली सगळी मित्रमंडळी जेवायला येणार होती, तीही खास या बासुंदीसाठी. पुण्याहून आलेल्या सासूबाईंची बासुंदी म्हणजे फक्त दूध, साखर आणि धीर, हे विनया लग्नापासून ऐकत आली होती. सकाळी आंघोळीला जाताना त्यांनी तिला ढवळायला सांगितलं होतं. दूध पातळच राहिलेलं दिसलं. आपल्या हातून बिघडली असं व्हायला नको, म्हणून विनयाने गुपचूप दोन चमचे कॉर्नफ्लोअर कालवून ओतलं होतं.

"इथलं दूधच खराब असणार," सासूबाई घाबरून म्हणाल्या.

शिरीष पडला इंजिनिअर. त्याने वाटीत साधं दूध घेऊन त्यात बेटाडीन टाकलं. ते नुसतं पिवळट झालं. साखरेच्या पाण्याचंही तेच.

"पुरे ना आता! टाकून देऊ," विनया काकुळतीला आली.

तेवढ्यात बेल वाजली. विनयाची फार्मसिस्ट मैत्रीण श्यामला कोशिंबीर घेऊन लवकरच आली होती. तिने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि हसली.

"हे तर शाळेतलं! आयोडीनने स्टार्च निळा होतो."

"मग साखर का नाही झाली?" शिरीषने विचारलं.

"साखर, स्टार्च, दुधातली फॅट, प्रोटीन, सगळी कार्बनचीच लेकरं. पण स्टार्च म्हणजे ग्लुकोजची लांबलचक साखळी, स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. आयोडीन त्या वेटोळ्यांत जाऊन बसतं, म्हणून हा रंग. दुधात स्टार्च नसतोच. कुणीतरी पीठ घातलंय, आणि हीप्स, म्हणजे ढीगभर घातलंय!"

विनयाने सासूबाईंकडे पाहिलं. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

"आई, ते..."

"मीच घातलं," सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "चार चमचे कॉर्नफ्लोअर. पुण्यातही नेहमी घालते."

"आई! आणि धीर धीर म्हणायचीस?" शिरीष म्हणाला.

"धीर होता रे. सिलिंडर पुरत नव्हता."

विनयाच्या छातीवरचा धोंडा उतरला. इतक्या वर्षांत तिला सासूबाई इतक्या आपल्याशा वाटल्या नव्हत्या. तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे हो, आई. होतं असं. मी नाही कुणाला सांगणार."

सासूबाईंचे डोळे भरून आले. श्यामलाने तोंडावर बोट ठेवलं आणि शिरीष बोटाला पट्टी गुंडाळून कोपऱ्यावरच्या डेअरीतून आइस्क्रीम आणायला पळाला.

सासूबाईंनी बासुंदीत डाव उभा करून पाहिला. तो उभाच राहिला.

"पण चार चमच्यांत एवढी घट्ट कशी गं झाली?"

"इथलं दूधच दाट असतं, आई," विनया म्हणाली आणि पातेलं घाईघाईने सिंककडे घेऊन गेली.